शब्दावर विसंबलेला कायदामंत्री : जोगेंद्रनाथ मंडल

१९४७ च्या ऑगस्ट महिन्यात या उपखंडात दोन देश उभे राहिले आणि दोन्ही देशांचे पहिले कायदामंत्री अस्पृश्य समाजातून आलेले होते. एवढेच नव्हे, दोघेही एकाच पक्षाचे, शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचे नेते होते. भारताचे कायदामंत्री डॉ. बाबासाहेब आंबेडकर. त्यांचे नाव घराघरांत आहे. पाकिस्तानचे कायदामंत्री जोगेंद्रनाथ मंडल. हे नाव मात्र आपल्या चळवळीतल्या किती कार्यकर्त्यांना माहीत आहे? बाबासाहेबांना संविधान सभेत पाठवणारा बंगालचा माणूस, एवढीच त्यांची ओळख आपण जपली आणि पुढचे सारे विसरलो. आपण विसरलो म्हणून इतरांनी ते उचलले. आज मंडलांचे चरित्र सर्वात जास्त सांगतात ते लोक, ज्यांना बाबासाहेबांच्या विचारांशी काही देणेघेणे नाही. दलितांनी मुसलमानांशी हातमिळवणी केली तर काय होते ते बघा, असे सांगण्यासाठी या माणसाचे नाव वापरले जाते. २०१९ च्या नागरिकत्व दुरुस्ती कायद्यानंतरच्या वादात ते थेट संसदेपर्यंत पोहोचले. म्हणूनच मंडलांचे आयुष्य आपण आपल्या डोळ्यांनी वाचायला हवे. त्यात चळवळीसाठी एक कडू पण उपयोगी धडा आहे.

जोगेंद्रनाथांचा जन्म २९ जानेवारी १९०४ रोजी पूर्व बंगालातील बारिसाल भागात, मैस्तरकांदी या गावी एका गरीब शेतकरी नामशूद्र कुटुंबात झाला. नामशूद्र हा बंगालातला कष्टकरी, खाडी-दलदलीत भात पिकवणारा मोठा अस्पृश्य समाज. सवर्ण बंगाली भद्रलोक त्यांना चांडाळ म्हणत. हरिचंद ठाकूर आणि त्यांचे पुत्र गुरुचंद ठाकूर यांनी मतुआ पंथातून या समाजाला ताठ उभे केले, शाळा काढल्या आणि सरकारी कागदावरचे ते अपमानास्पद नाव पुसून घेतले. १९११ च्या जनगणनेत चांडाळऐवजी नामशूद्र हे नाव नोंदले गेले. महाराष्ट्रात जोतीराव फुल्यांनी जे बी पेरले, त्याच जातीचे बी तिथे गुरुचंदांनी पेरले, असे म्हटले तर वावगे ठरू नये. त्याच मातीतून मंडल वर आले. बारिसालच्या ब्रजमोहन कॉलेजातून ते पदवीधर झाले आणि कलकत्त्यात कायद्याचे शिक्षण घेऊन १९३४ साली वकील झाले.

१९३७ च्या निवडणुकीत बंगालच्या विधानसभेत पुणे करारानुसार अनुसूचित जातींसाठी ३० जागा राखीव होत्या. मंडल त्यांपैकी एकाही जागेवर उभे राहिले नाहीत. ते बाकरगंज भागातील सर्वसाधारण जागेवर अपक्ष उभे राहिले आणि काँग्रेसच्या सवर्ण उमेदवाराला हरवून निवडून आले. समोरचा उमेदवार अश्विनीकुमार दत्त यांच्या घराण्यातला होता. बारिसालमध्ये त्या घराण्याचा दबदबा केवढा! ज्या ब्रजमोहन कॉलेजात मंडल शिकले ते कॉलेज दत्तांनीच काढलेले. अशा घराण्याला एका नामशूद्र शेतकऱ्याच्या पोराने खुल्या जागेवर धूळ चारली, ही त्या काळात लहान गोष्ट नव्हती.

सुरुवातीची काही वर्षे मंडल बोस बंधूंच्या, म्हणजे सुभाषचंद्र आणि शरदचंद्र यांच्या जवळ होते. पण काँग्रेसचे सवर्ण पुढारी दलितांच्या प्रश्नाला हात लावत नाहीत, हा अनुभव त्यांनाही आला. मग त्यांची नजर बाबासाहेबांकडे वळली. १९४३ साली त्यांनी बंगालमध्ये शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनची शाखा उभी केली. जागरण नावाचे साप्ताहिक फेडरेशनचा आवाज बनले.

त्याच वर्षी मुस्लिम लीगचे ख्वाजा नाझिमुद्दीन यांचे मंत्रिमंडळ बंगालमध्ये आले आणि मंडल त्यात मंत्री झाले. हा निर्णय समजून घेतला पाहिजे. पूर्व बंगालात नामशूद्र आणि मुसलमान, दोघेही कुळे. दोघांच्या डोक्यावर जमीनदार आणि सावकार, आणि ते बहुतेक सवर्ण हिंदू. शेताच्या बांधावर दोघांचे हितसंबंध एकच होते. हा विचार चुकीचा होता असे आजही म्हणता येणार नाही. शिवाय मंडलांनी पाठिंबा फुकट दिला नाही. विधानसभेतील २१ अनुसूचित जातीच्या आमदारांच्या पाठिंब्याच्या बदल्यात मंत्रिमंडळात तीन मंत्री, समाजाच्या शिक्षणासाठी दरवर्षी पाच लाख रुपये आणि सरकारी नोकऱ्यांत ठरलेल्या प्रमाणाची काटेकोर अंमलबजावणी, या त्यांच्या अटी होत्या. मंत्रिपदापुरती मागणी करणाऱ्या पुढाऱ्यांनी हे जरूर वाचावे. मंडलांकडे सहकारी पतपुरवठा आणि ग्रामीण कर्जबाजारीपणाचे खाते होते. तोच बंगालच्या भीषण दुष्काळाचा काळ. लाखो माणसे उपासमारीने मेली आणि त्यात भूमिहीन, मासेमार, नामशूद्र मोठ्या संख्येने होते. त्या मंत्रिमंडळाची अब्रू दुष्काळातच गेली.

१९४६ च्या निवडणुकीत फेडरेशनचा देशभर धुव्वा उडाला. पुणे कराराने आपल्या माथी मारलेल्या संयुक्त मतदारसंघाचा तो खरा चेहरा होता. दलितांचा उमेदवार कोण हे सवर्णांच्या मतांनी ठरत होते. मुंबई प्रांतात फेडरेशनचा एकही आमदार आला नाही. बंगालमध्ये एकटे मंडल निवडून आले. आता संविधान सभेचे सदस्य प्रांतांच्या विधानसभांमधील आमदार निवडणार होते. मुंबईत आमदार नाहीत, काँग्रेसची दारे बंद. बाबासाहेब जाणार कुठून? तेव्हा मंडल पुढे झाले. त्यांनी बंगालमधील अनुसूचित जातीच्या आमदारांना एकेक करून गाठले. काँग्रेसच्या दडपणाला न जुमानता त्यातल्या काहींनी बाबासाहेबांना पसंतीची मते दिली आणि जुलै १९४६ मध्ये बाबासाहेब बंगालमधून संविधान सभेवर निवडून गेले. आपल्याकडे जेस्सोर-खुलना मतदारसंघातून बाबासाहेब निवडून आले असे सांगण्याची पद्धत आहे. प्रत्यक्षात ती निवड विधानसभेतल्या आमदारांनी केली होती. फाळणीनंतर बंगालमधील ती जागा गेली आणि पुढे मुंबई प्रांतातून, बॅ. जयकरांच्या रिक्त जागेवर, बाबासाहेबांची पुन्हा निवड झाली. पण पहिले दार उघडले ते मंडलांनी. हे ऋण चळवळीने कधीही विसरू नये.

१९४६ च्या ऑक्टोबरमध्ये मुस्लिम लीग हंगामी सरकारात सामील झाली. लीगने आपल्या पाच मंत्र्यांत मंडलांचे नाव घातले आणि त्यांना कायदा खाते मिळाले. काँग्रेस आपल्या कोट्यातून मुसलमान मंत्री देते, तर आम्ही आमच्या कोट्यातून अस्पृश्य देतो, असा तो जिनांचा डाव होता. म्हणजे मंडलांची योग्यता खरी असली तरी त्यांची निवड झाली ती दोन मोठ्या पक्षांच्या बुद्धिबळातली सोंगटी म्हणून. त्याआधी ऑगस्टमध्ये कलकत्त्यात कत्तल झाली होती आणि मंडल दिल्लीत मंत्री होत होते त्याच सुमारास नोआखाली पेटले होते. मंडलांनी आपल्या समाजाला या दंग्यांपासून दूर राहायला सांगितले. सवर्ण हिंदूंनी त्यांना जोगेन अली मुल्ला असे नाव ठेवले, त्यांच्या जिवावर उठले. बंगालच्या फाळणीला त्यांचा विरोध होता, कारण फाळणी झाली तर नामशूद्र समाज दुभंगेल आणि दोन्हीकडे दुबळा होईल हे त्यांना दिसत होते. फाळणी झालीच. समाज दुभंगला. त्यांचा अंदाज खरा ठरला.

१० ऑगस्ट १९४७ रोजी कराचीत पाकिस्तानच्या संविधान सभेची पहिली बैठक भरली आणि हंगामी अध्यक्ष म्हणून जोगेंद्रनाथ मंडल खुर्चीवर बसले. दुसऱ्या दिवशी जिनांची अध्यक्षपदी निवड झाली. त्या भाषणात जिनांनी धर्म हा नागरिकाचा खाजगी प्रश्न आहे, राज्यकारभाराशी त्याचा संबंध नाही, असे आश्वासन दिले. १२ ऑगस्टला मूलभूत हक्क आणि अल्पसंख्याकांसाठी समिती नेमली गेली. अस्पृश्य जातीचा एक माणूस नव्या राष्ट्राच्या संविधान सभेच्या खुर्चीवर आणि त्याच्या समोर राष्ट्राचा सर्वोच्च नेता समतेचे वचन देतो आहे, यापेक्षा मोठी हमी कोणती? मंडलांना ती पुरेशी वाटली.

इथेच या आयुष्याची खरी गाठ आहे. जिनांचा शब्द होता, पण शब्दाला कायद्याचे रूप आले नव्हते. ११ सप्टेंबर १९४८ रोजी जिना वारले आणि शब्द त्यांच्याबरोबर गेला. १२ मार्च १९४९ रोजी पाकिस्तानच्या संविधान सभेने उद्दिष्टांचा ठराव मंजूर केला. त्यात राज्याचा पाया धर्माशी जोडला गेला. अल्पसंख्याक सदस्यांनी मांडलेल्या सगळ्या दुरुस्त्या फेटाळल्या गेल्या. कायदामंत्री अल्पसंख्याक होता, पण कायद्याचा पाया बहुसंख्याकांच्या धर्मावर घातला जाताना तो काहीही थांबवू शकला नाही.

बाबासाहेबांना हा धोका आधीच दिसला होता. नोव्हेंबर १९४७ मध्येच त्यांनी पाकिस्तानात अडकलेल्या अनुसूचित जातींना मिळेल त्या मार्गाने भारतात येण्याचे आवाहन केले. सवर्ण हिंदूंचा राग आहे म्हणून मुस्लिम लीगवर विसंबू नका, असे त्यांनी बजावले. त्याच काळात कराचीतल्या सफाई कामगारांना भारतात जाण्यापासून अडवले जात होते. अत्यावश्यक सेवेच्या नावाखाली त्यांना रोखून धरले, कारण ते गेले तर शहराचे संडास कोण साफ करणार? हा कायदा बघा. देश बदलला, झेंडा बदलला, पण भंगीकाम करणाऱ्या माणसाची जागा बदलू नये म्हणून नवे सरकार कायदा वापरते. आणि त्या सरकारात कायदा आणि मजूर ही दोन्ही खाती एका अस्पृश्य मंत्र्याकडे होती! मंत्रिपद आणि सत्ता यांत किती अंतर असते ते यावरून कळते.

त्याच पाकिस्तानात १९४९ च्या सुरुवातीला भ्रष्टाचाराविरुद्ध एक कायदा झाला. सार्वजनिक आणि प्रातिनिधिक पदांवरील व्यक्तींना गैरवर्तनाबद्दल अपात्र ठरवणारा हा कायदा तिथे प्रोडा या नावाने ओळखला गेला. त्याचा अंमल १४ ऑगस्ट १९४७ पासून, म्हणजे मागील तारखेपासून धरला गेला. दोषी ठरणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत निवडणूक लढवता येणार नव्हती. कागदावर कायदा चांगला होता. मंत्र्यांची लाचखोरी, वशिलेबाजी, निर्वासितांच्या मालमत्तेची लूट यांनी नवा देश पोखरला जात होता, त्याला आळा हवाच होता. पण खटला कोणावर चालवायचा हे सत्ताधाऱ्यांच्या मर्जीवर राहिले. जो गैरसोयीचा तो भ्रष्ट, जो आपल्या बाजूचा तो स्वच्छ. सिंधचे मुख्यमंत्री अयूब खुह्रो या कायद्याखाली अपात्र ठरले. १९५४ साली कायदा रद्द झाला आणि त्याच वर्षी तेच खुह्रो पुन्हा मुख्यमंत्री झाले. वाचकांना यात काही ओळखीचे वाटते का? तपास यंत्रणा दारात आली की पक्ष बदलायचा आणि पक्ष बदलला की फाइल बंद, हा खेळ आजचा नाही आणि एका देशाचाही नाही. ज्या राज्यात भ्रष्टाचाराचा कायदा मर्जीने चालतो, त्या राज्यात अल्पसंख्याकांच्या संरक्षणाचा कायदाही मर्जीनेच चालतो. दोन्हींचे मूळ एक आहे. कायद्यावर माणसाचे राज्य असणे, हेच ते मूळ.

२० डिसेंबर १९४९ रोजी खुलना जिल्ह्यातल्या काळशिरा या नामशूद्र गावात पोलीस काही कम्युनिस्टांना पकडायला गेले. झटापटीत एक पोलीस मेला. त्यानंतर पोलीस, लष्कर आणि त्यांच्या मागे जमाव गावावर तुटून पडला. मंडल स्वतः फेब्रुवारी १९५० च्या अखेरीस तिथे गेले. ३५० घरांच्या गावात तीनच घरे उभी राहिल्याचे त्यांनी नोंदवले आहे. त्याच फेब्रुवारीत ढाका, बारिसाल आणि पूर्व बंगालच्या इतर भागांत दंगली पेटल्या. या दंगलींत सुमारे दहा हजार माणसे मारली गेली असावीत असा मंडलांचा अंदाज होता. इकडे पश्चिम बंगालमध्ये मुसलमानांवर हल्ले झाले आणि तेही सीमा ओलांडून पळाले. दोन्ही बाजूंना गरीबच मेला. ८ एप्रिल १९५० रोजी नेहरू आणि लियाकत अली खान यांच्यात अल्पसंख्याकांच्या संरक्षणाचा करार झाला. पूर्व बंगालात त्याची अंमलबजावणी करण्याची तिथल्या सरकारची इच्छाच नाही, असा मंडलांचा निष्कर्ष निघाला. पोलीस खोट्या केसेस करतात, पैसे उकळतात, मुली पळवल्या जातात आणि केंद्रातल्या कायदामंत्र्याच्या पत्राला प्रांतातला अधिकारी उत्तरही देत नाही, अशी ती अवस्था होती.

८ ऑक्टोबर १९५० रोजी मंडलांनी राजीनामा दिला. कलकत्त्यात येऊन त्यांनी लियाकत अली खानांना पाठवलेले ते पत्र म्हणजे लांबलचक आरोपपत्रच आहे. १९४३ पासूनच्या एकेका आश्वासनाचा हिशेब त्यात मांडला आहे. कुठले वचन दिले, कोणी दिले, कधी मोडले. पाकिस्तानात त्यांना विश्वासघातकी ठरवले गेले. भारतात तर ते आधीपासूनच गद्दार होते.

इथे आपले विरोधक मंडलांची गोष्ट संपवतात. कारण पुढची गोष्ट त्यांना परवडणारी नाही. मंडल भारतात परतले तेव्हा ते ४६ वर्षांचे होते. त्यानंतर १८ वर्षे ते इथेच जगले. हिंदू म्हणून, निर्वासित म्हणून त्यांचे स्वागत झाले का? नाही. कलकत्त्याच्या भद्रलोकांनी त्यांना अस्पृश्यासारखेच दूर ठेवले. त्यांनी निवडणुका लढवल्या आणि प्रत्येक वेळी हरले. ज्या निर्वासितांसाठी ते झगडले, त्यांची मते वस्त्या-वस्त्यांत, छावण्या-छावण्यांत विखुरली होती. सवर्ण निर्वासितांच्या वसाहती कलकत्त्याच्या आसपास वसल्या आणि त्यांना मान्यताही मिळाली. नामशूद्र निर्वासितांना मात्र छावण्यांतून उचलून मध्य भारतातल्या दंडकारण्यात पाठवले जाऊ लागले. पाण्यात भात लावणाऱ्या माणसाला खडकाळ माळावर नेऊन टाकले. मंडलांनी या धोरणाला विरोध केला. आमचे पुनर्वसन बंगालमध्येच करा, ही त्यांची मागणी होती. तिचे कोणी ऐकले नाही. पुढे ते रिपब्लिकन पक्षाशी जोडले गेले. ५ ऑक्टोबर १९६८ रोजी सीमेजवळच्या बनगाव इथे त्यांचे निधन झाले. बंगालमधील दलित त्यांना आजही महाप्राण म्हणतात.

त्यांच्या मृत्यूनंतर अकरा वर्षांनी, १९७९ साली, दंडकारण्यातून परत आलेले हेच नामशूद्र निर्वासित सुंदरबनातल्या मरीचझापी बेटावर वस्ती करून राहिले होते. पश्चिम बंगालच्या डाव्या आघाडी सरकारने बेटाची नाकेबंदी केली, अन्नपाणी तोडले, पोलिसांनी गोळीबार केला आणि शेवटी वस्ती उठवली. किती माणसे मेली याचा आकडा आजही वादात आहे. मंडलांचे नाव घेऊन आपल्याला उपदेश करणाऱ्यांना एकच प्रश्न विचारावा. काळशिरा पाकिस्तानात घडले म्हणून दोष मुसलमानांचा असेल, तर मरीचझापी भारतात घडले, मारणारेही हिंदूच होते, मग तिथे दोष कोणाचा? दोन्हीकडे मरणारा एकच होता. नामशूद्र. दोन्हीकडे सरकारला त्याची गरज नव्हती. धर्माचा चष्मा काढला की जात स्पष्ट दिसते.

आता दोन कायदामंत्र्यांची तुलना करू. बाबासाहेबांनीही सप्टेंबर १९५१ मध्ये मंत्रिपदाचा राजीनामा दिला. हिंदू कोड बिल रखडले, अनुसूचित जातींची सरकारकडून उपेक्षा झाली, ही त्यातली प्रमुख कारणे. म्हणजे एका वर्षाच्या आत दोन्ही देशांचे पहिले कायदामंत्री सत्तेबाहेर पडले. दोघांनाही सत्तेतल्या बहुसंख्याकांनी एकटे पाडले. पण बाबासाहेब बाहेर पडले तेव्हा मागे २६ जानेवारी १९५० पासून अंमलात आलेले संविधान होते. त्यात अस्पृश्यता नष्ट करणारे कलम १७ होते, मूलभूत हक्क होते, हक्क डावलले तर थेट सर्वोच्च न्यायालयात जाण्याचा कलम ३२ चा अधिकार होता. मंत्री गेला तरी कलम राहिले. मंडल बाहेर पडले तेव्हा त्यांच्या मागे काय होते? एका दिवंगत नेत्याचे भाषण आणि मोडलेल्या वचनांची यादी. पाकिस्तानला पहिले संविधान मिळायला १९५६ साल उजाडले आणि १९५८ साली लष्करी राजवटीने तेही गुंडाळले.

मंडल अप्रामाणिक नव्हते. त्यांनी समाज विकला नाही, स्वतःसाठी काही कमावले नाही. कुळांच्या एकजुटीचे त्यांचे राजकारणही चुकीचे नव्हते. ज्याच्याशी युती केली त्याच्या शब्दाला त्यांनी कायद्याची जागा दिली, तिथे घात झाला. ही चूक मुसलमानांशी युती केल्यानेच होते असे नाही. काँग्रेसच्या शब्दावर विसंबलेल्यांची झाली, हिंदुत्ववाद्यांच्या शब्दावर विसंबलेल्यांची होते आहे आणि डाव्यांच्या शब्दावर विसंबलेल्यांचे मरीचझापी झाले.

आज आपल्यातले कितीतरी पुढारी एखाद्या मोठ्या पक्षाच्या दारात उभे आहेत. कोणाला महामंडळ हवे, कोणाला विधान परिषद, कोणाला राज्यमंत्रिपद. मिळालेच तर सत्कार होतात, मिरवणुका निघतात, बॅनर लागतात. त्यांना मंडलांच्या १९४३ च्या अटी दाखवा. मग १९५० चे पत्र दाखवा. तीन मंत्री आणि पाच लाख रुपये मागणारा, सर्वांत वरच्या खुर्चीपर्यंत पोहोचलेला हा माणूससुद्धा काळशिराची घरे वाचवू शकला नाही, कारण त्याच्या पाठीशी ना स्वतःचा मजबूत पक्ष होता, ना न्यायालयात टिकेल असे कलम. आपल्याकडे कलम आहे. ते ज्यांनी लिहिले त्यांना संविधान सभेत ज्या माणसाने पाठवले, तो स्वतः मात्र त्या कलमाविना लढला आणि हरला. हाती असलेल्या कलमांची अंमलबजावणी करून घेणारा, कोणाच्या मेहेरबानीवर न चालणारा स्वतःचा पक्ष उभा करणे एवढेच आता उरले आहे. महाप्राण जोगेंद्रनाथांना अभिवादन करायचे तर ते याच मार्गाने करावे लागेल.